पुसलेल्या खुणांची जीप

जुन्या तीन गिअरच्या जीपमध्ये बसून आजच्या मोटारीच्या सवयीने दांडा डावीकडे घेतला आणि पुढे ढकलला, तर गाडी मागे जाते. तिथे पहिला गिअर नसतो, रिव्हर्स असतो. पहिला त्याच्या खाली, दुसरा उजवीकडे वर आणि टॉप उजवीकडे खाली. ही रचना विलीजच्या युद्धकाळातल्या जीपपासून चालत आली आणि महिंद्राने आपल्याकडे बनवलेल्या जुन्या जीपांमध्येही टिकली. डॅशबोर्डवरच्या वीतभर पट्टीवर तिचा नकाशा असे. पट्टी झिजली की तो नकाशा जुन्या ड्रायव्हरच्या मनगटातच उरतो.

यवतमाळ जिल्ह्यात ही गाडी सरकारी कामाबरोबर रुळली. २ ऑक्टोबर १९५२ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्यांच्या ओळखीची झाली. पुढे १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. ज्या समितीच्या अहवालावर ही व्यवस्था उभी राहिली, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या गहुलीचे. कापसाच्या या मुलखात पावसाळी रस्त्यांवर जीपच चाले. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी शिरू देतं, माती फुगते, घसरडी होते आणि चाकांना पकड मिळत नाही.

अशा वेळी गिअरच्या दांड्याशेजारचे दोन छोटे दांडे कामाला येत. एकाने पुढचा ॲक्सल जोडायचा, दुसऱ्याने गाडी ‘लो’मध्ये टाकायची. क्रम ठरलेला: आधी पुढचा ॲक्सल, मग लो. या दांड्यांच्या पेटीच्या आतच अशी अडसर-रचना आहे की पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही, कारण लोमध्ये चाकांवरचा जोर सुमारे अडीच पट होतो आणि तो सगळा एकट्या मागच्या ॲक्सलवर टाकायचा नसतो. उलट कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा ॲक्सल जोडून ठेवला, तर वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन्ही ॲक्सलच्या मधे हा फरक सोडवणारं डिफरन्शियल नाही. ताण शाफ्टमध्ये साठतो आणि दांडा अडकून बसतो. एवढं सगळं त्या पट्टीवरच्या तीन-चार ओळी आणि बाण सांगत. पण त्या ओळी इंग्रजीत होत्या, आणि वाचणारे मराठी, गोरमाटी, कोलामी बोलणारे.

अक्षरांची ही अडचण जगभरची होती. म्हणून शब्दांच्या जागी चित्रं आली, आणि आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ती एकसारखी केली: मोटारींसाठी आयएसओ २५७५, ट्रॅक्टर आणि शेतीयंत्रांसाठी आयएसओ ३७६७. ट्रॅक्टरच्या थ्रॉटलजवळचे ससा आणि कासव याच कुळातले. जलद आणि संथ हे यापेक्षा सोपं करून सांगता येईल, असं मला वाटत नाही. काही चिन्हं मात्र फसवी आहेत. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला की अनेकजण ‘ऑइल कमी झालं’ एवढंच समजतात. जुन्या गाडीत तो दिवा तेलाचा दाब सांगतो; तेल भरपूर असून पंप निकामी झाला तरीही तो लागतो, आणि तेव्हा इंजिन लगेच बंद करायचं असतं. बॅटरीचा दिवाही बहुतेकदा बॅटरीची नाही, चार्जिंगची तक्रार करत असतो.

अशी चिन्हं स्टिकरवर छापली की उन्हात सगळ्यात आधी जातो तो नेमका हा धोक्याचा लाल रंग. स्टिकरच्या शाईतले अनेक लाल आणि पिवळे सेंद्रिय रंगकण प्रकाशाने तुटतात. काळी शाई काजळीची, म्हणजे कार्बनची, ती हलत नाही. फ्थॅलोसायनिन निळाही चिवट. म्हणून विदर्भातले उन्हाळे सोसलेल्या स्टिकरवर काळी बाह्यरेषा दिसते आणि तिच्या आतलं लाल कोरं झालेलं असतं. नव्या प्रतीसाठी उरलेलं तेवढंच उतरवून घेणारा माणूस इशाऱ्याचं साधं चित्र करून ठेवतो. व्हायनिलचं दुखणं वेगळं. त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं उष्णतेने हळूहळू निघून जातात, पापुद्रा आकसतो, ठिसूळ होतो, कडांनी सुटतो.

गळून पडलेला स्टिकरसुद्धा पुरावा सोडून जातो. त्याच्या खालच्या रंगाला ऊन लागलेलं नसतं. भोवतालचा रंग पांढुरका, भुकटी सुटलेला. स्टिकरखालचा गडद आणि तुकतुकीत. अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून उजेड आडवा टाकला, तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी उंचीची कड सावली पाडते आणि बाण, आकडे, अक्षरं वर येतात. अतिनील दिव्याखाली कधी कधी जुना गोंद चमकतो. कोरीव धातूच्या पट्टीवर बटर पेपर ठेवून पेन्सिल घासली की शाई उडालेली अक्षरंही उमटतात.

आणि हे सारं पॉलिश पेपर फिरायच्या आत व्हायला हवं. डेंटिंग-पेंटिंगला गाडी गेली की मिस्त्री पहिल्या तासाभरात पत्रा घासून काढतो. त्यात त्याची चूक नाही, त्याचं कामच ते आहे. म्हणून पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवून, कॅमेरा अगदी समोर धरून फोटो घ्यावा. तिरका फोटो संगणकावर सरळ करता येतो, पण माप सोडून घेतलेल्या फोटोतून माप मिळत नाही.

मग येतो अर्थाचा प्रश्न, आणि माझ्या मते खरं काम तेच. या पट्ट्यांच्या तयार मिळणाऱ्या अमेरिकी नकला देखण्या असतात, पण त्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांच्या. त्याहून मोठी अडचण आपल्या गॅरेजांनी केलेल्या बदलांची. पेट्रोलच्या कितीतरी जीपांमध्ये नंतर डिझेल इंजिन बसलं, काहींत चार गिअरची पेटी आली. डिझेलला चोक लागत नाही. अशा गाडीत चोकचंच बटण इंजिन बंद करणाऱ्या तारेला जोडलेलं असलं, तर त्यावर कोणतं चिन्ह लावायचं? २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, त्यामुळे मालकाला चोकचंच चिन्ह हवंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण इंजिन बदललेली गाडी चालवायची असेल, तर बटण आज जे करतं तेच चिन्हाने सांगितलं पाहिजे. जुनं चिन्ह मापांसह कागदावर जपावं. गिअरचा नकाशाही छायाचित्रावरून छापू नये. इंजिन बंद ठेवून, सपाट जागी, चाकांना दगड लावून दांडा प्रत्येक खाचेत घालावा, जॅकवर उचललेलं मागचं चाक हाताने फिरवावं आणि प्रोपेलर शाफ्ट व इंजिनची पुली एकमेकांच्या तुलनेत कसे फिरतात ते पाहून मग रेघ मारावी.

छपाईचं काम तालुक्याच्या ठिकाणचा रेडियमवालाही करू शकतो, त्याला नेमका आराखडा मिळाला तर. उन्हात टिकणारी शाई आणि वरून अतिनील किरण अडवणारा पारदर्शक थर मात्र आग्रहाने मागावा. आणि प्रत्येक नव्या पट्टीच्या कडेला बारीक अक्षरांत छपाईचं वर्ष आणि ‘नवी प्रत’ हे दोन शब्द टाकावेत, म्हणजे आणखी चाळीस वर्षांनी त्या पत्र्यावर आडवा उजेड टाकणाऱ्याला मूळ कोणतं आणि आपण लावलेलं कोणतं, हे ओळखता येईल.