निमूट मुलाचे पोट



मागच्या हिवाळ्यात दोन महिने लेकीकडे दुबईला, करामामध्ये राहून आले. करामा ही तिथली जुनी वस्ती. बुटक्या इमारती, खाली किराणा, शिंपी, डोसेवाला. जिन्यात फोडणीचा वास. मुंबईच्या माणसाला परके वाटत नाही. पण माझ्या नऊ वर्षांच्या नातवाचे हे चौथे घर. जावयांचे काम प्रकल्पांवरचे. मस्कत, दोहा, पुन्हा मस्कत, मग करामा. मी तिथे असतानाच कळले की जूनमध्ये नैरोबी.

बातमी ऐकून तो फक्त "बरं" म्हणाला आणि खेळणी भरायला खोका शोधू लागला. मी लेकीला म्हटले, "किती समजूतदार आहे गं!" जन्मभर नर्सिंग केलेल्या बाईने असे म्हणावे, याची मला आज लाज वाटते.

पुढच्या सोमवारपासून शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले, रक्त-लघवी पाहिली, सोनोग्राफी केली. दोष काही नाही. शेजारीण म्हणाली, शाळा बुडवायचे नाटक. पण ते नाटक नव्हते. काळजीने आतड्यांची हालचाल बदलते आणि दुखणे खरेच जाणवते. अशा वेळी आधी डॉक्टरांना दाखवावेच. वजन घटणे, ताप, उलट्या, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, यांपैकी काही असेल तर पुढचा तपास हवा. तसे काही नसेल आणि सुट्टीच्या दिवशी पोट गप्प असेल, तर मुलाच्या मनाकडे वळावे.

आमच्या शिकाऊ दिवसांत मुलांच्या वॉर्डात आईबापांना ठरावीक वेळीच सोडत. मूल आधी आकांत करी, मग मलूल होई, आणि काही दिवसांनी शांतपणे जेवू लागे. आम्ही म्हणत असू, "रुळलं." इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला. आम्ही जिला रुळणे म्हणत होतो ती शांतता म्हणजे मुलाने आशा सोडणे असू शकते, हे त्यांच्या कामातून डॉक्टरांना कळू लागले. १९५९ साली तिथल्या सरकारी समितीने आईबापांना मुलांजवळ मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली. हे सारे मला ठाऊक होते, तरी घरच्या मुलात दिसले नाही.

एका रात्री पाठ चोळताना तोच म्हणाला, "आजी, इथे मी मित्र केलेच नाहीत. नाहीतरी जायचंच असतं ना."

अशा मुलांना अमेरिकेतल्या रूथ युसीम यांनी १९५० च्या दशकात 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' असे नाव दिले. पुढे डेव्हिड पोलॉक यांनी जागा सोडण्यापूर्वी करायच्या चार गोष्टी सांगितल्या: भांडण मिटवणे, आभार मानणे, निरोप घेणे आणि पुढच्या जागेचा विचार करणे. आपण मोठी माणसे चौथीपासूनच सुरुवात करतो. "तिथे मोठं घर मिळेल, जिराफ दिसेल!" मुलाच्या हातून काय सुटते आहे, हे कोणी विचारत नाही.

आम्ही उलट सुरुवात केली. तोराच्या मसई पाराशात मिसरहून निघालेल्या इस्राएलांचे बेचाळीस मुक्काम एकेक नावाने लिहिले आहेत. नुसती यादी, लहानपणी मला फार कंटाळवाणी वाटे. त्याला म्हटले, तूही तुझे मुक्काम लिही. प्रत्येक घराखाली एक आवडती गोष्ट आणि एक राहून गेलेली. दोह्याखाली त्याने लिहिले, "मांजरीला बाय केलं नाही." त्यावर तो पुष्कळ रडला. मी "रडू नको" म्हटले नाही. नंतर वर्गातल्या एका मुलाला त्याने झबील पार्कमध्ये खेळायला बोलावले. जायला चार महिने उरले होते, तरी बोलावले.

घर बदलले तरी काही गोष्टी तशाच राहाव्यात. अमिरातीत २०२२ पासून सरकारी कचेऱ्या आणि शाळा शुक्रवारी अर्धा दिवस असतात, सुट्टी शनिवार-रविवार. त्यामुळे शब्बाथची तयारी निवांत होते. मनुका भिजवून सरबत तो स्वतः गाळतो. किद्दुशचा पेला आणि पांढरे कापड आता सामानाच्या पेटीत जात नाही, हातातल्या पिशवीत जाते. दारावरची मेझुझा काढायची आणि नव्या घरी लावायला बाबांना मदत करायची, हेही त्याचेच काम.

आपण आजी-आजोबा दूर असलो तरी फोन ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी करावा. आपले साडेआठ म्हणजे दुबईचे सात. "नवी शाळा आवडली का?" असे विचारले की मूल "हो" म्हणून मोकळे होते. त्यापेक्षा जुन्या मित्राचे नाव घ्यावे. त्याची खेळणी त्याला न विचारता वाटून टाकू नयेत, हेही लेकी-सुनांना सांगावे.

झोप उडणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, खेळात मन न लागणे, मोठ्या मुलांनी खोलीत कोंडून घेणे, हे दोन आठवड्यांहून जास्त चालले तर मुलांच्या मानसतज्ज्ञांकडे न्यावे. दुबईत अल जलीला या मुलांच्या इस्पितळात तशी सोय आहे. भारतात १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची सेवा मोफत मिळते. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा मुलाने केली, तर मात्र एक दिवसही थांबू नये, आणि त्याला एकटे सोडू नये.

नैरोबीला जाऊन आता दोन महिने झाले. सोमवारी पोट अजून कधी कधी दुखते, पण शाळा बुडत नाही. परवा फोनवर म्हणाला, मेझुझा थोडी वाकडी बसली आहे, पण बाबांना हात लावू देणार नाही. करामाच्या मित्राचा नंबर त्याने स्वतः पाठ केला आहे.