‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

एखादा मुलगा आज शाळेत आला आहे हे सिद्ध करणे सोपे असते. तो एकदा दिसला की काम झाले. पण कोणी तुम्हांला सांगितले, “सातपुड्याच्या जंगलात अमुक एक पक्षी उरलेला नाही, हे सिद्ध करून दाखवा,” तर तुम्ही काय कराल? या झाडावर तो नसेल, तर पलीकडच्या दरीत असू शकेल. सकाळी दिसला नसेल, तर संध्याकाळी दिसेल. ‘आहे’ म्हणायला एक पुरावा पुरतो. ‘नाही’ म्हणायला किती पुरावे लागतात?

क्वचित एखाद्या जातीचा शेवट अगदी दिवसासकट ठाऊक असतो. अमेरिकेतील प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. बहुतेक जातींचा शेवट मात्र असा कोणाच्या डोळ्यांदेखत होत नाही. मग एखादी जात नामशेष झाली, असे शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात? हे समजून घ्यायला आपल्या अमरावती-अकोल्याच्या उत्तरेला पसरलेल्या सातपुड्यातच एक उत्तम उदाहरण आहे. ते म्हणजे रानपिंगळा.

सात नमुन्यांचा पक्षी

गावातला पिंगळा तुम्ही पाहिलेलाच असेल. वडाचिंचेच्या ढोलीत राहणारे, तिन्हीसांजेला कलकलाट करणारे ते लहानसे घुबड. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद. पण याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, पंखांवर आणि शेपटीवर रुंद गडद-पांढरे पट्टे असतात आणि पोट पांढरे असते. शिवाय तो दिवसाही शिकार करतो. हिवाळ्यात सकाळच्या उन्हात पानगळ झालेल्या झाडाच्या शेंड्यावर तो उघड बसलेला आढळतो.

ब्लुइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी पुढच्याच वर्षी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लुइटचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ. १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल यांना ओडिशातील खरियारजवळ हा पक्षी मिळाला. त्यानंतर खानदेशात मुलकी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या परिसरात काही नमुने गोळा केले. १८८४ पर्यंत जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे सात नमुने जमले. त्यानंतर मात्र तो जणू अदृश्यच झाला. पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात त्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. रानपिंगळा म्हणून दाखवले जाणारे पक्षी नीट तपासले की गावातले पिंगळेच निघत. अनेकांनी रानपिंगळ्याची आशा सोडली.

शोधाचे गणित

या टप्प्यावर तुम्ही शास्त्रज्ञ असता, तर काय निर्णय दिला असता? थोडे गणित करून पाहू.

अँड्र्यू सोलो या संख्याशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये एक सोपी रीत सुचवली. समजा, एखादी जात आजही पूर्वीइतकीच टिकून आहे. तर तिच्या नोंदी सगळ्या काळावर विखुरलेल्या असायला हव्यात. रानपिंगळ्याचे सात नमुने आपण सात वेगवेगळ्या नोंदी मानू. पहिल्या नोंदीपासून, म्हणजे १८७२ पासून, १९९७ पर्यंत १२५ वर्षे होतात. उरलेल्या सहाही नोंदी मात्र पहिल्या १२ वर्षांतच आहेत. एक नोंद केवळ योगायोगाने पहिल्या १२ वर्षांत पडण्याची शक्यता १२/१२५. सहाही नोंदी तशा पडण्याची शक्यता काढायला ही संख्या सहा वेळा घेऊन गुणायची. उत्तर येते दहा लाखांत एकाहूनही कमी! म्हणजे या गणिताप्रमाणे रानपिंगळा नामशेष झाल्याची जवळजवळ खात्रीच.

आणि तरीही २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या जंगलात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तीन अमेरिकन अभ्यासकांना रानपिंगळा एका झाडावर बसलेला दिसला. त्यांनी त्याचे छायाचित्रण केले. मधे ११३ वर्षे गेली होती.

मग गणित चुकले का? गुणाकार बरोबरच होता. चूक होती ती त्यामागच्या गृहीतात. १८७२ ते १९९७ सगळी वर्षे शोध सारखाच चालू होता, असे आपण न बोलता धरून चाललो होतो. प्रत्यक्षात डेव्हिडसन यांच्यासारखा चिकाटीचा संग्राहक खानदेशात होता तोवर नमुने मिळाले. त्यानंतर त्या जंगलात हा पक्षी शोधायला वर्षानुवर्षे कोणी गेलेच नाही. नोंदी थांबल्या, कारण नोंदणारे थांबले होते.

एक खोटी नोंद

पक्षी न सापडण्याला आणखी एक कारण होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे आपण रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला होता. नमुनाही दाखवला होता. त्यामुळे पुस्तकांत पक्ष्याची शेवटची नोंद म्हणून मांडवीचे नाव गेले. रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरणांनी त्याचे आतले भरण पाहिले, तेव्हा त्याची कातडी एकदा उसवून पुन्हा भरल्याचे दिसून आले. तो डेव्हिडसन यांनीच पूर्वी मिळवलेला, ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला नमुना होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सविस्तर प्रसिद्ध केले.

मांडवीची नोंद विश्वसनीय नाही, हे ध्यानात घेऊन १९९७ च्या तुकडीने फक्त खात्रीच्या जागा निवडल्या. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागी शोध घेतला. तिथे पक्षी मिळाला नाही. मग ते डेव्हिडसन यांच्या खानदेशात आले आणि पक्षी मिळाला. तेव्हा शोधाला निघण्यापूर्वी जुन्या नोंदींची छाननी करणे, हे या कामातले पहिले पाऊल होय.

मेळघाट नकाशावर नव्हते

पुढची गोष्ट आपल्या वऱ्हाडची आहे. पक्षी जिवंत सापडल्यावर त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण झाले, त्याच्या सवयी कळल्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ पासून मध्य भारतातील अनेक जंगले पिंजून काढली. सागाच्या कोरड्या पानझडी जंगलात दिवसा जायचे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवायचा आणि उत्तर येते का ते ऐकायचे, असे शोधाचे तंत्र तयार झाले. या शोधात मेळघाटातही रानपिंगळा सापडला आणि पुढच्या सर्वेक्षणांतून मेळघाट हे त्याचे अत्यंत महत्त्वाचे आश्रयस्थान असल्याचे स्पष्ट झाले.

गंमत पाहा. त्या जुन्या सात नमुन्यांत मेळघाटातला एकही नव्हता! शहाद्यापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक पूर्वेला, त्याच सातपुड्यात हा पक्षी नांदत होता. जुन्या नोंदींचा नकाशा हा पक्ष्याचा नकाशा नव्हता. संग्राहक जिथे जिथे गेले, त्यांचा तो नकाशा होता. पुढे २०१४ मध्ये तर मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही रानपिंगळ्याची नोंद झाली.

किती वेळा जाऊन पाहावे?

आता दुसरे गणित करू. एखाद्या जंगलात पक्षी आहे, आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता दहात तीन आहे. म्हणजे तो असूनही न दिसण्याची शक्यता ०.७. दोन फेऱ्यांत दोन्ही वेळा हुकण्याची शक्यता ०.७ × ०.७ = ०.४९. दहा फेऱ्यांत सगळ्या वेळा हुकण्याची शक्यता सुमारे ०.०३, म्हणजे शंभरात तीन. दहा नीट केलेल्या फेऱ्यांनंतरही पक्षी दिसला नाही, तर ‘बहुधा नाही’ म्हणायला आधार मिळतो.

पण फेरी चुकीच्या वेळी काढली तर? अकोला-वाशिमच्या माळरानांवर नोंदला गेलेला तणमोर घ्या. पावसाळ्यात, विणीच्या काळात, त्याचा नर गवतातून उंच उड्या मारतो, तेव्हा तो नजरेस पडतो. त्याच माळावर उन्हाळ्यात शोधायला गेलात, तर दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य आणि हुकण्याची शक्यता १. एकाला एकाने शंभर वेळा गुणले तरी उत्तर एकच! अशा शंभर फेऱ्यांनी आपल्या ज्ञानात काहीच भर पडत नाही.

म्हणूनच आय.यू.सी.एन. ही जगातील संकटग्रस्त जातींची लाल यादी करणारी संस्था कडक कसोटी लावते. जातीतला शेवटचा जीव मेला, याविषयी वाजवी शंका उरता कामा नये. त्यासाठी तिच्या माहीत असलेल्या आणि संभाव्य अशा सर्व वसतिस्थानांत, दिवसाच्या व वर्षाच्या योग्य वेळी, तिच्या आयुष्यक्रमाला साजेल इतका काळ शोध घेतलेला असावा लागतो. पूर्वी ‘पन्नास वर्षे दिसली नाही तर नामशेष’ असा ढोबळ नियम वापरत. त्या नियमाने रानपिंगळा दोनदा नामशेष ठरला असता.

दोन्हीकडून चूक

इथे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. जात जिवंत असताना ती संपली असे जाहीर केले, तर तिच्यासाठी जंगल राखण्याचे कारणच उरत नाही, आणि आपली चूकच तिला खरोखर संपवते. शहादा-तळोदा भागातले जंगल तोडीमुळे आणि शेतीसाठी केलेल्या सफाईमुळे घटत गेले. मेळघाट मात्र १९७३-७४ पासून वाघासाठी राखला गेला. त्या आधाराने, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, रानपिंगळाही राखला गेला. उलट, संपलेली जात ‘असेल कुठेतरी’ म्हणत यादीत ठेवली, तर नुकसान किती झाले हे आपल्याला कळत नाही, आणि जिथे उपयोग झाला असता तिथले श्रम व पैसा भलतीकडे जातो.

म्हणून शास्त्रज्ञ घाई करत नाहीत. हिमालयीन लाव्याची खात्रीची नोंद १८७६ नंतर नाही, तरी त्याला अजून नामशेष म्हटलेले नाही. जिथे पुरावा भक्कम झाला तिथे मात्र निर्णय दिला जातो. बारीक चोचीच्या कर्ल्यूची शेवटची निर्विवाद नोंद १९९५ मध्ये मोरोक्कोत झाली. पुढे अनेक देशांत कसून शोध झाला आणि २०२५ मध्ये तो नामशेष ठरवला गेला. ‘स्थानिक नामशेष’ हा प्रकार आणखी वेगळा. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, पण आफ्रिकेत आणि इराणात तो होताच. म्हणून तर २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आणून ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडता आले.

रानपिंगळ्याचे आज काय? २०१८ मध्ये त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आणले गेले. तरी त्याचे प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

करून पाहा

हे सगळे तुमच्या गावातही करून पाहता येईल. जिथे पिंगळा राहतो हे नक्की माहीत आहे, असे एक झाड निवडा. त्याच्या ढोलीशी अजिबात छेडछाड करू नका. पाच सकाळी, पाच दुपारी आणि पाच संध्याकाळी तिथे प्रत्येकी दहा मिनिटे थांबा. तारीख, वेळ, हवामान आणि ‘दिसला’ किंवा ‘दिसला नाही’ असे वहीत लिहा. ‘दिसला नाही’ हेही न चुकता लिहायचे, कारण ती सुद्धा नोंदच आहे. शेवटी तिन्ही वेळांसाठी दिसण्याचे प्रमाण काढा. पिंगळा तिथे असूनही तुम्हांला किती वेळा दिसला नाही, हे तुमच्याच आकड्यांतून कळेल. मग वरच्या गुणाकाराने हिशेब करा: अनोळखी झाडावर पिंगळा नाही असे म्हणण्यापूर्वी तुम्हांला तिथे कोणत्या वेळी आणि किती फेऱ्या माराव्या लागतील?