कॅमेरा साधा, पण काम पक्के

फोटोग्राफीचा व्यवसाय करू पाहणारे अनेक तरुण आज प्राथमिक दर्जाचा डीएसएलआर कॅमेरा घेऊन सुरुवात करतात. कुणी साठवलेले पैसे घालतो, कुणी घरातला दागिना मोडतो, कुणी हप्ते बांधून घेतो. चार-सहा महिन्यांत तक्रार सुरू होते की फोटो मोबाईलसारखेच येतात, लग्नाच्या हॉलमध्ये काळे पडतात, गिऱ्हाईक दुसऱ्यांदा बोलावत नाही. मग दुकानदार सांगतो, कॅमेरा लहान पडतोय, मोठा घ्या. पहिल्या कर्जाचे हप्ते फिटण्याआधीच दुसऱ्या कर्जाची तयारी होते.

आमचे म्हणणे असे की बहुतेक वेळा कॅमेरा लहान पडलेला नसतो, त्याची ओळख अपुरी असते. कॅननचा ईओएस १५००डी आणि निकॉनचा डी३५०० हे दोन्ही २०१८ साली बाजारात आलेले प्राथमिक कॅमेरे. दोघांत सुमारे २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. एवढ्यात घरोघरी लावायच्या मोठ्या आकाराचा फोटोही उत्तम छापला जातो. सेन्सरचा आकारही साधारण मोबाईलच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा. मशिनमध्ये दम आहे. तो बाहेर कसा काढायचा, ते या लेखात पाहू.

ऑटोवरून बाहेर या

हिरव्या खुणेचा ऑटो मोड फोटो काढतो, पण निर्णय स्वतः घेतो. त्याला निकाह आणि निसर्गदृश्य यांतला फरक कळत नाही. फोटोतला उजेड तीन गोष्टींनी ठरतो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचे छिद्र, शटर म्हणजे उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा ते, आणि आयएसओ म्हणजे मिळालेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून घ्यायचा ते. अ‍ॅपर्चरचे आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११ असे चढतात आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. आकडा मोठा तेवढे छिद्र लहान, हे एकदा पाठ केले की अर्धा गोंधळ संपतो.

सुरुवातीला पूर्ण मॅन्युअलच्या मागे लागू नये. कॅननवर ‘एव्ही’ आणि निकॉनवर ‘ए’ असे लिहिलेला मोड लावावा. यात छिद्र आपण ठरवतो, शटर कॅमेरा ठरवतो. मात्र शटरच्या आकड्यावर नजर हवी. हात थोडा हलतोच, म्हणून ५५ मिलिमीटर झूमवर १/१०० सेकंदापेक्षा मंद शटर शक्यतो नको. लेन्समध्ये कंपन रोखण्याची सोय असेल तर ती आपल्या हाताचे हलणे सांभाळते. नवरदेवाचे वळणे किंवा मुलांचे धावणे सांभाळत नाही. हलणाऱ्या माणसासाठी १/२०० किंवा त्याहून वेगवान शटरच लागते. त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी बेधडक करावा. थोडे दाणे दिसणारा फोटो गिऱ्हाईक ठेवून घेतो, हललेला फोटो परत करतो.

पांढरा कुर्ता करडा का येतो?

ही तक्रार आमच्या कानावर वारंवार येते. पांढऱ्या कुर्त्यातील मंडळींचा समूह टिपला की कपडे मळकट दिसतात, आणि काळ्या बुरख्यातील किंवा काळ्या शेरवानीतील व्यक्ती टिपली की काळा रंग विटलेला दिसतो. यात कॅमेरा बिघडलेला नाही. त्याचे मीटर समोरच्या प्रत्येक दृश्याला मध्यम करड्या रंगाइतके उजळ धरते. समोर सगळे पांढरे असेल तर ते उजेड कमी करते, सगळे काळे असेल तर वाढवते.

अधिक-उण्याची खूण असलेले एक बटण या प्राथमिक डीएसएलआरवर असते. पांढरे कपडे जास्त असतील तर ते अधिक १ च्या बाजूला न्यावे, काळे कपडे जास्त असतील तर उणे १ कडे. मग मागच्या पडद्यावर हिस्टोग्रामचा आलेख पाहावा. आलेख उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल तर पांढऱ्यातली भरतकामाची वीण जळून गेली असे समजावे आणि उजेड थोडा कमी करावा. या एका बटणाचा सराव झाला तर कामाचा दर्जा आठवड्यात बदलेल.

फोकस कॅमेऱ्यावर सोपवू नका

१५००डी मध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत, डी३५०० मध्ये ११. सगळे बिंदू सुरू ठेवले की कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. मग चेहऱ्याऐवजी हार स्पष्ट येतो. एकच बिंदू निवडावा, सुरुवातीला मधला. तो जवळच्या डोळ्यावर ठेवून बटण अर्धे दाबावे, चौकट जुळवावी, मग पूर्ण दाबावे. अंधाऱ्या हॉलमध्ये मधला बिंदूच सर्वांत भरवशाचा ठरतो.

चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन १८ मिलिमीटरवर फोटो काढू नये. नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन मीटर मागे सरावे आणि ५० ते ५५ वर झूम करावे. चेहरा आहे तसा येतो.

उजेड फुकट आहे

कॅमेऱ्यावरच्या उघडमिट होणाऱ्या फ्लॅशवर भिस्त ठेवणे हे नवशिक्याच्या खराब फोटोचे मोठे कारण आहे. १५००डी च्या या फ्लॅशचा गाईड नंबर सुमारे ९ आहे. या आकड्याला अ‍ॅपर्चरने भागले की फ्लॅश किती मीटर पोचेल ते कळते. एफ/५.६ वर ९ भागिले ५.६, म्हणजे आयएसओ १०० असताना जेमतेम १.६ मीटर. आयएसओ ८०० केला तरी साडेचार मीटरच्या आसपास. स्टेजखालून पन्नास माणसांच्या गर्दीवर तो फ्लॅश उडवून काय मिळणार?

स्वतंत्र फ्लॅश घ्यावा आणि तो थेट चेहऱ्यावर न मारता पांढऱ्या छताकडे वळवावा. उजेड छतावरून पसरून उतरतो, मागच्या भिंतीवर काळी सावली पडत नाही. मात्र कॅननच्या काही प्राथमिक मॉडेलांवर फ्लॅशच्या बुटातला मधला सामान्य संपर्कबिंदू दिलेला नाही, त्यामुळे इतर कंपन्यांचे साधे स्वस्त फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत. आपला कॅमेरा दुकानात नेऊन, बसवून, चार वेळा उडवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दिवसा तर सगळ्यांत उत्तम दिवा म्हणजे खिडकी. माणसाला खिडकीच्या बाजूला बसवावे, खोलीतली ट्यूबलाईट बंद करावी, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरावा. ट्यूब बंद करायचे कारण रंगाचे आहे. खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड वेगळ्या रंगाचे असतात, आणि दोन्ही एकत्र पडले की चेहऱ्याची एक बाजू निळी, एक पिवळी दिसते. हे कॉम्प्युटरवरही नीट सुधारत नाही.

व्यापाऱ्यांच्या मालाचे फोटो: दुर्लक्षित संधी

लग्नाचा धंदा हंगामी असतो. मालाच्या फोटोंचे काम मात्र बारा महिने मिळू शकते. मालेगाव आणि भिवंडीचे कापड, धारावीचे चामड्याचे सामान, कोल्हापूरच्या चपला, अत्तराच्या बाटल्या – आज हे सर्व मोबाईलवर फोटो पाठवून विकले जाते. फोटोत साडीचा रंग एक आणि हातात पडलेल्या साडीचा दुसरा, असे झाले की माल परत येतो आणि जाण्या-येण्याचे भाडे व्यापाऱ्याच्या माथी बसते. जो छायाचित्रकार रंग बरोबर आणतो, तो व्यापाऱ्याचे थेट पैसे वाचवतो.

रंगासाठी कस्टम व्हाईट बॅलन्स वापरावा. ज्या उजेडात माल ठेवला आहे त्याच उजेडात पांढरा कागद टिपावा आणि तोच फोटो कॅमेऱ्याला पांढऱ्याचे माप म्हणून द्यावा. मेनूमध्ये ही सोय असते आणि काम दोन मिनिटांचे आहे. कापडाची वीण दाखवायची तर उजेड समोरून नको, बाजूने तिरका हवा. तेव्हाच धाग्याची उंचसखल बाजू दिसते. काचेची बाटली असेल तर खिडकी आणि बाटली यांच्यामध्ये बटर पेपर लावून उजेड मागून किंवा बाजूने घ्यावा, म्हणजे आतले अत्तर उजळते आणि काचेवर खिडकीचे गज उमटत नाहीत.

कॅमेरा तिपाईवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ८, लेन्समधील कंपनरोधक बंद आणि दोन सेकंदांचा टायमर. किट लेन्सही साधारण ८ वर उत्तम स्पष्टता देते. १६ च्या पुढे गेलात तर चित्र पुन्हा मऊ पडू लागते. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते आणि चौकटीचा सुमारे ८५ टक्के भाग मालाने व्यापलेला असावा लागतो. हे नियम आधी वाचून काम केले तर व्यापाऱ्याचा वेळ वाया जात नाही.

पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये

बॉडी बदलण्याआधी लेन्सचा विचार करावा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स ५५ वर एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ किंवा निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ लेन्स एफ/५.६ च्या तुलनेत साडेनऊ पटीहून अधिक उजेड आत घेते. नवी बॉडी घेऊनही जे साधत नाही ते या छोट्या लेन्सने साधते. निकॉनच्या प्राथमिक बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असे लिहिलेली लेन्सच घ्यावी. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्त मिळाली तरी फोकस हातानेच फिरवावा लागेल.

कंपन्यांचा भर आता मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे अनेक जण डीएसएलआर विकून टाकतात आणि वापरलेल्या बाजारात चांगला माल येतो. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार भागात आणि इतर शहरांतही असे व्यवहार होतात. घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते विचारावे व तपासून घ्यावे. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा रोग नेहमीचा आहे. घरी आणल्यावर कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

हिशेबही मांडावा. या वर्गातील शटरचे आयुष्य साधारण १ लाख फोटोंचे धरले जाते. एका लग्नात दीड हजार फोटो काढले तर तो कॅमेरा सुमारे ६६ लग्ने निभावेल. कॅमेऱ्याच्या किमतीला ६६ ने भागा. तेवढी रक्कम प्रत्येक लग्नाच्या मोबदल्यातून बाजूला पडली नाही, तर आपण कमाई न करता भांडवल खात आहोत असे समजावे.

अमानत सांभाळा

साखरपुड्याचा, निकाहचा, विदाईचा क्षण पुन्हा घडवता येत नाही. प्राथमिक कॅमेऱ्यात मेमरी कार्डाची जागा एकच असते, म्हणून एका मोठ्या कार्डापेक्षा दोन-तीन लहान कार्डे बदलत वापरावीत. घरी येताच सर्व फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवावेत, आणि नंतरच कार्ड कोरे करावे. फोटो ‘रॉ’ स्वरूपात काढावेत. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, डी३५०० च्या रॉमध्ये ४०९६ आणि १५००डी च्या रॉमध्ये १६३८४. काळवंडलेला फोटो वाचवायची वेळ आली की हा फरक कामी येतो. त्यावर काम करण्याचे सॉफ्टवेअर कॅनन आणि निकॉन दोघेही आपल्या ग्राहकांना मोफत देतात.

कुणाच्या घरातील स्त्रियांचे फोटो परवानगीशिवाय आपल्या जाहिरातीसाठी इंटरनेटवर टाकू नयेत. एक तक्रार दहा कामे घालवते. अनेक कुटुंबांना महिलांच्या दालनासाठी महिला छायाचित्रकारच हवी असते आणि ती सहज मिळत नाही. आमच्या मुलींनी या कामाकडे जरूर पाहावे.

एक महिन्याचा सराव

पहिला आठवडा: एक खिडकी, एक वस्तू, रोज वीस फोटो, फक्त उजेडाची दिशा बदलावी. दुसरा आठवडा: अ‍ॅपर्चर मोड आणि अधिक-उण्याचे बटण; एक पांढरा व एक काळा कपडा समोर ठेवून. तिसरा आठवडा: हलणारी माणसे, बाजार, मैदान, शटरचा वेग बदलत. चौथा आठवडा: संध्याकाळचा उजेड, छताकडे वळवलेला फ्लॅश, व्हाईट बॅलन्स. रोज रात्री कॉम्प्युटरवर फोटो शंभर टक्के मोठे करून पाहावेत. प्रत्येक फोटोसोबत अ‍ॅपर्चर, शटर व आयएसओ नोंदलेले असतात. बिघडलेल्या फोटोचे आकडे वहीत लिहावेत आणि पुढे कारण लिहावे: हात हलला, फोकस चुकला की उजेड कमी पडला. महिनाअखेर वहीत जे कारण सर्वांत जास्त वेळा आले असेल, तेवढाच आपला खरा दोष. बहुतेकांना तो शिकून दूर करता येईल, आणि जेथे खरोखर लेन्स किंवा फ्लॅशच अपुरा पडत असेल तेथे नेमके काय विकत घ्यायचे तेही ती वहीच सांगेल. कर्ज काढण्यापूर्वी तिचा सल्ला अवश्य घ्यावा.