सर्व्हरची डिस्क बदलताना: माल हलवा, वहीसुद्धा हलवा

व्यापारी बंधूंनो, १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हा धान-तांदळाच्या व्यापारावर उभा आहे. सरकारी धानाच्या भरडाईत साध्या तांदळासाठी १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटलचा उतारा धरला जातो. किती धान उचलले आणि किती तांदूळ जमा केला, ही नोंद मिलरला चोख ठेवावी लागते. जीएसटी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. २०२४-२५ च्या विवरणपत्राची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणजे ते हिशेब २०३१ अखेरपर्यंत हाताशी हवेत.

ज्यांचे ऑफिस घरातच आहे, त्यांच्यापैकी काही जण हा हिशेब आता घरच्या लहान सर्व्हरवर ठेवतात. डिस्क इतकी वर्षे टिकेलच असे नाही. केव्हातरी नवी घालावी लागते आणि घोटाळा बहुधा तेव्हाच होतो.

पूल म्हणजे काय?

ट्रूनॅस या प्रणालीत एक किंवा अधिक डिस्क मिळून जो साठा तयार होतो, त्याला 'पूल' म्हणतात. पूल हे गोदाम समजा आणि डेटासेट म्हणजे त्यातल्या खोल्या. आपल्या फायली या खोल्यांत असतात. पण सर्व्हरची स्वतःची वहीही त्याच गोदामात असते. तिला 'सिस्टीम डेटासेट' म्हणतात. नेटवर्कवरील फोल्डरच्या परवानग्या, कुलूपबंद पुलांच्या किल्ल्या आणि बिघाडाच्या नोंदी तिच्यात असतात. आपण पहिला पूल तयार करतो तेव्हा ही वही आपोआप तिथे जाते, म्हणून ती कुठे आहे हे मालकाला ठाऊकच नसते. फायली नव्या डिस्कवर नेऊन जुनी डिस्क काढली, तर माल नव्या गोदामात आणि वही जुन्यात, अशी गत होते.

काम कोणत्या क्रमाने करावे?

पहिले, वेळ निवडा. खरिपाची धानखरेदी सुरू होण्याआधीचे दिवस बरे. महिन्याच्या २० तारखेपर्यंत जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असेल, तर ते भरून झाल्यावरच काम काढा. इन्व्हर्टर किंवा यूपीएस चालू स्थितीत हवा.

दुसरे, सर्व्हरच्या सेटिंगची फाईल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. उतरवताना पासवर्डचे 'सिक्रेट सीड' सोबत घेण्याची खूण करा.

तिसरे, जुन्या पुलाचा स्नॅपशॉट काढून 'रेप्लिकेशन'ने नव्या पुलावर न्या. पहिली फेरी काम चालू असताना होऊ द्या. मग सर्व संगणकांवरचा हिशेबाचा प्रोग्राम बंद करून दुसरी फेरी करा. तिच्यात फक्त मधला फरक जातो, त्यामुळे धंदा थोडाच वेळ थांबतो. रेप्लिकेशनने आलेला डेटासेट बहुधा फक्त वाचण्यापुरता असतो. ते बंधन काढा, नाहीतर नवे बिल साठवले जाणार नाही.

चौथे, वही हलवा. 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मधील 'स्टोरेज'मध्ये 'सिस्टीम डेटासेट पूल' म्हणून नवा पूल निवडा. या वेळी नेटवर्कवरील फोल्डर थोडा वेळ तुटतात, घाबरू नये. पासफ्रेजने कुलूपबंद केलेल्या पुलावर ही वही ठेवता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

पाचवे, सर्व्हरवर ॲप बसवले असतील तर त्यांचे लपलेले फोल्डर हाताने उचलू नका. ॲपच्या सेटिंगमधूनच पूल बदला. त्याआधी ॲपचा डेटा वेगळ्या डेटासेटमध्ये आहे याची खात्री करा.

सहावे, शेअरचे नाव तेच ठेवून फक्त त्यामागचा मार्ग नव्या पुलाकडे वळवा. नाव न बदलल्यामुळे मुनीमजींच्या संगणकावर काही बदलावे लागत नाही. स्नॅपशॉट आणि बॅकअपची ठरलेली कामेही नव्या पुलाकडे वळवा. हे राहून गेले तर बॅकअप चालू आहे असे आपण समजत राहतो आणि प्रत्यक्षात नवे काहीच जपले जात नाही.

जुनी डिस्क लगेच देऊ नका

आता मागील वर्षाचे एखादे बिल उघडून पाहा, नवे बिल करून पाहा, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करा. सगळे ठीक असेल तर जुना पूल 'एक्स्पोर्ट' करा. मात्र 'डेटा नष्ट करा' या चौकटीत खूण करू नका. डिस्कवर तारीख लिहून ती निदान एक विवरणपत्र भरेपर्यंत कपाटात ठेवा.

दोन डिस्कचा मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्हीकडून एकदम जाते. म्हणून एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा दुकानात असावी. हिशेबाच्या वहीत आपल्याबरोबर शेतकऱ्याचे आणि ग्राहकाचेही देणे-घेणे लिहिलेले असते. ती अमानत आहे. डिस्क बदलण्याच्या घाईत ती हरवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.