हायब्रीड कडी : पायाला लागली तर घाबरू नका

हायब्रीड म्हटलं की आपल्याला ज्वारी आठवते. पण आज मी सांगणार आहे ती हायब्रीड हाडाला लावतात. दवाखान्यात पायाभोवती स्टीलची कडी, कांब्या आणि आरपार तारा लावलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. त्या सांगाड्याला डॉक्टर फिक्सेटर म्हणतात. आपल्या बायका त्याला पिंजरा म्हणतात.

आमच्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत, बचत गटातल्या एका मावशी पावसाळ्यात पाण्याचा हंडा घेऊन पायऱ्यांवरून घसरल्या. गुडघ्याच्या जरा खाली हाड मोडलं. पाय टम्म सुजला, कातडीवर फोड आले. डॉक्टर म्हणाले, "पिंजरा लावू." घरचे म्हणाले, "नको, गावाला नेऊन हाडवैद्याकडून बांधून आणू." गावाहून सासूबाईंचा फोन आला, "लोखंड घातलं की पाय जातो." त्या दिवशी आम्ही चौघीजणी डॉक्टरांपुढे बसलो आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. तीच आज तुम्हाला सांगते.

पहिला प्रश्न : सरळ पट्टी आणि स्क्रू का नाही? पट्टी बसवायला कातडी कापावी लागते. गुडघ्याखाली आणि घोट्याजवळ कातडी पातळ असते, मांस कमी. ती सुजलेली, फोड आलेली किंवा फाटलेली असताना कापली तर जखम भरत नाही, पू होतो. पिंजऱ्याला मोठा काप लागत नाही, बारीक भोकं पुरतात. जखम उघडी राहते, रोज धुता येते.

दुसरा प्रश्न : यात हायब्रीड काय? सांध्याजवळचं हाड आतून पावासारखं जाळीदार असतं. त्यात जाड खिळा नीट धरत नाही. तिथे दीड-पावणेदोन मिलिमीटरच्या बारीक तारा वेगवेगळ्या दिशांनी आरपार घालतात आणि गोल कड्यावर ताणून बसवतात. वाळत घालायची दोरी ढिली असेल तर ओल्या साडीने लोंबते, ताणली की भार पेलते. तसंच हे. खाली नडगीचं हाड घट्ट असतं. तिथे साधारण पाच मिलिमीटरचे जाड खिळे एका बाजूने घालून कांबीला जोडतात. वर कडं, खाली कांब. दोन पद्धतींचा मेळ, म्हणून हायब्रीड.

गोल कड्यांची मूळ पद्धत रशियातल्या डॉ. गावरील इलिझारोव यांची. सायबेरियातल्या कुर्गान शहरात 1950च्या दशकात त्यांनी ती वापरायला सुरुवात केली. त्यांच्या लक्षात आलं की हाड बेताने कापून दोन्ही टोकं रोज एक मिलिमीटर दूर केली, तीही चार वेळा पाव-पाव करून, तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. घाई केली तर हाड धरत नाही, फार हळू केलं तर वेळेआधीच जुळतं. आखूड किंवा वाकडा पाय सरळ करायला आजही हाच हिशेब चालतो.

आणि आपल्या मुंबईचंही यात नाव आहे. हाताचे सर्जन डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, छोटे सांधे आणि हलक्या कांब्यांचा स्वस्त सांगाडा तयार केला. त्याला 'जेस' म्हणतात, त्यातला 'जे' जोशींचा. बोटांच्या मोडतोडीसाठी आणि लहान मुलांच्या आत वळलेल्या पावलांसाठी तो वापरतात. बाळ अशा पावलांनी जन्मलं तर पहिल्या आठवड्यांतच दाखवा. बहुतेक पावलं दर आठवड्याला प्लास्टर बदलत सरळ होतात, जेसची वेळ उशीर झालेल्या किंवा पुन्हा वळलेल्या पावलांवर येते. आणि आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून पाऊल वाकडं झालं, असं कुणी म्हणालं तर गटाने तिच्या बाजूने उभं राहावं. ग्रहणाचा यात काही संबंध नाही.

आता मावशींकडे येऊ. पिंजरा लागला, पंधरा दिवसांनी घरी आल्या. मग रिक्षाचा खर्च, नातवाची शाळा, म्हणून तपासणीची एक तारीख चुकली, मग दुसरी. कुणीतरी तारांच्या भोकांवर हळद-तूप लावलं. महिन्याने ताप आला, भोकातून पू आला. परत दाखल व्हावं लागलं, एक तार बदलावी लागली. पाय वाचला, पण दीड महिना वाढला.

म्हणून हे लक्षात ठेवा. हात साबणाने धुऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या पाण्याने आणि स्वच्छ गॉझने तार जिथे कातडीत शिरते ती जागा साफ करायची. हळद, तूप, पाल्याचा लेप काही नाही. नट आपण पिळायचे नाहीत. पाय लांब करायचा असेल तर डॉक्टर खूण करून शिकवतील तेवढाच, तेवढ्याच वेळा. तार सैल वाटली, लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर तारखेची वाट न बघता जायचं. बोटं गार, निळी, बधिर पडली किंवा दुखणं वाढतच गेलं, तर त्याच तासाला निघायचं.

पाय नुसता उशीवर ठेवून चालत नाही. घोटा आणि गुडघा सांगितल्याप्रमाणे हलवला नाही तर सांधे आखडतात. पायावर किती भार द्यायचा ते डॉक्टर ठरवतील. पिंजरा बहुधा तीन-चार महिने, कधी जास्त राहतो. डाळ, अंडी, दूध, नाचणी, सुकी मासळी, जे परवडेल ते पोटभर खायचं. आणि एक कडू गोष्ट : मिश्री आणि तंबाखू बंद. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो. मावशींना हेच सर्वांत जड गेलं.

मोडलेला पाय चोळू नका, ओढून सरळ करू नका. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या तर रक्त अडून पाय काळा पडतो. जखमेवर स्वच्छ कापड ठेवा, पाय आहे तसा आधाराला टेकवा, 108ला फोन करा.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. 2012मध्ये ती दुसऱ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत मुंबई उपनगरही होतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना आधी भेटा, सावकाराकडे नंतर. सगळे दागिने मोडून झाल्यावर योजना कळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

गटानेही काम वाटून घ्यावं. आम्ही मावशींच्या तारखा गटाच्या वहीत हप्त्यांच्या शेजारी लिहिल्या. दर तारखेला एकजण सोबत जायची. दोन महिने हप्ता थांबवला. एकीने सैल परकर शिवून दिला, एकीच्या मुलाने खुर्चीला भोक पाडून संडासाची सोय केली. त्यानंतर एकही तारीख चुकली नाही.

सहाव्या महिन्यात पिंजरा निघाला. परवा मावशी सभेला आल्या, काठी टेकत, पण आपल्या पायांनी. सासूबाईंना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, "लोखंड घातलं, आणि काढलंही."

तुमच्या गावात कुणाला पिंजरा लागला असेल तर या आठवड्यात तिच्या घरी जा. पुढची तारीख कधी आहे, एवढंच आधी विचारा.