पायाखालची जमीन

जुन्या नाशकातल्या कुंभारवाड्यातून शाडूचे कच्चे मावळे आणले की मी आधी ते पालथे घालतो आणि त्यांचं बूड बघतो. साच्यातून काढताना ओलं राहिलेलं बूड वाळता वाळता एका कडेने उचलतं, मग मावळा डुलायला लागतो. पॉलिश पेपर पाटावर पसरून त्यावर ते गोल गोल घासायचं. मिशा आणि पागोट्याकडे वळायचं ते त्यानंतर.

पंचवटीतल्या आमच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला माझ्या लहानपणापासून होतो, पण बुडाचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. तीन वर्षांपूर्वी मी चाळीस मावळे जीव लावून रंगवले आणि थेट ओल्या मातीत रोवले. भोवती आळीव पेरलेलं, त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणं चालू. शाडू भाजलेला नसतो, तो खालची ओल वर ओढून घेतो. वसुबारसेला उभे केलेले मावळे पाडव्याला घोट्यापासून विरघळले होते. रंग जसाच्या तसा होता, पाय तेवढे नव्हते. भाची रडली. मलाही वाईट वाटलं, आणि तेव्हाच ठरवलं की प्रत्येकाच्या पायाखाली स्वतःची कोरडी जमीन द्यायची.

पटावर लढाया खेळणारे छांदिष्ट हे कधीपासून करत आलेत. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले. आज या छंदातले शिपाई बहुतेक 28 मिलिमीटरचे असतात आणि प्रत्येकाखाली बैठक असते. शिपाई हलवताना बोट बैठकीला लागतं, रंगाला लागत नाही. तुकडीने किती जागा अडवली तेही बैठकीवरून मोजतात. माझे मावळे 7 सेंटिमीटरचे, म्हणजे अंगाने बरेच थोर, पण युक्ती तीच. फुटक्या कौलाचे तुकडे घासून त्यावर एकेक मावळा चिकटवतो, काही तुकड्यांवर तिघे-तिघे.

रंगकामात घाई चालत नाही. कच्चा शाडू रंग पिऊन टाकतो, म्हणून आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचा एक हात द्यावा लागतो. तो वाळला की ॲक्रिलिकचा पांढरा, मग अंगाचा, अंगरख्याचा, पागोट्याचा रंग. त्यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते. गडद तपकिरी रंग चहाइतका पातळ करून सगळ्या अंगावर सोडायचा. तो आपणहून चुण्यांत, बोटांच्या फटीत, कमरेच्या शेल्याखाली जाऊन बसतो आणि सपाट दिसणाऱ्या अंगरख्याला एकदम घड्या येतात. शेवटी ब्रश फडक्यावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फिकट रंगाने नुसत्या उंचवट्यांवरून फिरवायचा. डोळ्यांत मी पांढरा रंग भरत नाही. बाजारातले सगळे मावळे डोळे वटारून बघतात ते त्या पांढऱ्यामुळे. एक तपकिरी रेघ पुरते.

यंदा साल्हेर केला. बागलाणातला हा किल्ला 1567 मीटर उंचीचा, राज्यातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच, आणि 2025 च्या जुलैपासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. पण मला किल्ल्यापेक्षा त्याच्या पायथ्याचं मैदान हवं होतं. 1672 च्या फेब्रुवारीत मोगलांचा वेढा फोडायला प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे दोन दिशांनी आले आणि इखलासखान, बहलोलखान यांच्या फौजेशी उघड्यावर लढले. गनिमी काव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या मराठ्यांनी समोरासमोर जिंकलेली ही मोठी लढाई. म्हणून गड मागे लहान ठेवला, त्यावरचे मावळे दोन इंची घेतले आणि निळसर फिके रंगवले, म्हणजे ते लांबचे वाटतात. पुढची तीन हात जागा मोकळी सोडली.

मोगल शिपाई बाजारात मिळत नाहीत. मावळ्यांचेच अंगरखे शाडूने गुडघ्याखाली वाढवून जामे केले. जाम्याचे बंद त्या काळी मुसलमान उजव्या काखेत बांधत आणि हिंदू डाव्या. साल्हेरला मोगलांकडून लढताना राव अमरसिंह चंद्रावत पडला, म्हणजे त्या फौजेत राजपूतही होते. म्हणून चार मोगल शिपायांचे बंद डाव्या बाजूला आहेत. मिलिमीटरभर रंगाचा ठिपका आहे तो, किल्ला बघायला येणाऱ्यांना दिसतही नाही. पण चुकीचा ठेवून मला झोप आली नसती.

मग बैठकी. दिवाळीचा किल्ला म्हटला की आपण गेरू फासतो, पण गेरूचा तांबडा रंग कोकणातल्या जांभ्याचा. बागलाणचा दगड काळा, माती काळपट राखाडी. शिवाय फेब्रुवारीत डोंगरउतारावरचं गवत वाळून पिवळं झालेलं असतं. कौलाच्या तुकड्यावर फेविकॉल, त्यावर चाळलेली वाळू, मध्ये दोन-चार काळे खडे, वाळवलेली चहाची पूड आणि वाळक्या गवतासाठी काथ्याचे बारीक तुकडे. आळीव मैदानात नकोच, असं मी भाचीला सांगितलं. ती ऐकेना. शेवटी गडामागच्या उतारावर तिने हवं तेवढं पेरलं.

सभासद बखरीत या लढाईच्या धुळीचं वर्णन आहे. तीन कोसांच्या टापूत आपलं माणूस कोणतं आणि परकं कोणतं ते ओळखू येईना, इतका धुरळा. मराठ्यांकडचे सूर्यराव काकडे त्याच रणात जंबुऱ्याचा गोळा लागून पडले. किल्ल्याजवळ ‘काकडे’ असा कागद टोचायला मन होईना, म्हणून एक मावळा नुसता आडवा ठेवला, हात तलवारीवर.

बागलाणातून पिशवीभर आणलेली माती कुटून वस्त्रगाळ केली. सगळे शिपाई मैदानात मांडून झाल्यावर मऊ ब्रशवर ती घेऊन एकेकाच्या पायांवर, घोड्यांच्या खुरांवर, जाम्यांच्या आणि अंगरख्यांच्या घेरावर थोपटली. आधी मराठ्यांना, मग मोगलांना. गुडघ्याखाली दोघांचा रंग एक झाला. आडव्या मावळ्याच्या पाठीवर भाचीने लावली, दोन्ही हातांनी तोलून धरून.