मिडरेंज संगणकावरील अनेक लायब्ररींमधून विशिष्ट प्रकारच्या फाइलींचा शोध

प्रस्तावना :
वर्धा, हिंगणघाट अथवा आर्वी येथील महाविद्यालयात संगणक शिकणारा विद्यार्थी फाइलीचा प्रकार सामान्यतः नावापुढील एक्स्टेन्शनवरून ओळखतो. आयबीएम कंपनीने १९८८ मध्ये सादर केलेल्या एएस/४०० या मध्यम क्षमतेच्या संगणकावर ही सवय उपयोगी पडत नाही. आज ही प्रणाली ‘आयबीएम आय’ या नावाने वापरात आहे.

संकल्पना :
या प्रणालीत प्रत्येक घटक हा ‘ऑब्जेक्ट’ असून त्याचे नाव कमाल दहा अक्षरांचे असते. ऑब्जेक्ट लायब्ररीत राहतात. परंतु ‘क्यूसिस’ हा अपवाद वगळता एका लायब्ररीत दुसरी लायब्ररी ठेवता येत नाही. ‘फाइल’ हा ऑब्जेक्ट-प्रकार व्यापक आहे. माहिती साठविणारी फिजिकल फाइल, त्याच नोंदी वेगळ्या क्रमाने दर्शविणारी लॉजिकल फाइल, पडद्याची मांडणी सांगणारी डिस्प्ले फाइल आणि छपाईची प्रिंटर फाइल या सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यांतील भेद ‘गुणधर्म’ या स्वतंत्र नोंदीवरून कळतो.

शोधपद्धती :
‘डीएसपीओबीजेडी’ या आज्ञेत सर्व लायब्ररी, सर्व नावे व फाइल हा प्रकार देऊन निष्पत्ती पडद्याऐवजी एका फाइलीत घ्यावी. नंतर पीएफ, एलएफ, डीएसपीएफ अशा गुणधर्मानुसार नोंदी निवडाव्यात. तथापि, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर ठेवणाऱ्या सोर्स फाइलींचा गुणधर्मही पीएफ असाच असतो. हा भेद ‘सिसटेबल्स’ या कॅटलॉगमधील फाइल-प्रकाराच्या स्तंभात ‘डी’ (माहिती) व ‘एस’ (सोर्स) या अक्षरांनी नोंदलेला असतो.

मर्यादा व महत्त्व :
ज्या लायब्ररीवर वापरकर्त्यास अधिकार नाही, तिच्यातील फाइली यादीत येत नाहीत. म्हणून यादी मिळाली म्हणजे ती पूर्ण आहे, असे मानणे धोक्याचे ठरते. फिजिकल फाइलीतील एखाद्या रकान्याची लांबी वाढविल्यास तिचा वापर करणारे प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावे लागतात. तसे न केल्यास फाइल उघडताना होणाऱ्या ‘लेव्हल चेक’मध्ये विसंगती आढळून प्रोग्रॅम थांबतो. शोधातून निसटलेली एक फाइलही त्यामुळे दैनंदिन कामकाज अडवू शकते.

निष्कर्ष :
नावापेक्षा गुणधर्माला आणि यादीच्या लांबीपेक्षा तिच्या पूर्णतेला महत्त्व देणे, हेच या शोधाचे मर्म होय. प्रात्यक्षिक शिकविताना शोध कोणत्या अधिकाराने घेतला, याचीही नोंद विद्यार्थ्यांकडून करून घेणे इष्ट ठरेल.